लसणीच्या तेलाच्या कॅप्सूल घ्याव्यात का? बाटली वापरून झाल्यावरचं मत

आधी निकाल सांगते, कारणं नंतर, कारण सगळ्यांना पूर्ण वाचायला वेळ नसतो. मेडिकलमध्ये त्या पिवळ्या पारदर्शक लसणीच्या तेलाच्या कॅप्सूल मिळतात ना, शंभरची बाटली, त्यांना माझ्याकडून पाचपैकी दोन. आणि इथल्या गोव्यातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातल्या गावठी लसणीला साडेचार. कंपनीचं नाव देत नाही, कारण त्या रॅकवर तीन-चार कंपन्यांच्या बाटल्या होत्या आणि मागचं लेबल सगळ्यांचं जवळपास एकच, तेव्हा हे एका कंपनीबद्दल नाहीच, हा जो प्रकार आहे तेल भरलेल्या कॅप्सूलचा, त्याबद्दल आहे.

घेतल्या सासूबाईंसाठी. त्यांना बीपी आहे, गोळी चालू आहे, मागच्या रिपोर्टात एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, पण वाढलेलं आलं. शेजारच्या काकींनी सांगितलं लसणीच्या कॅप्सूल घे, रक्त साफ होतं, चरबी विरघळते. आमच्याकडे असं कोणी सांगितलं की लगेच मनावर घेतात. मी म्हटलं घेऊया, पण मी वाचल्याशिवाय गप्प बसणार नाही. मग वाचत गेले आणि वाचता वाचता असं लक्षात आलं की लसूण म्हणून आपण जे काय समजतो ते त्या पाकळीत तयार नसतंच मुळी.

म्हंजे बघा, अख्खी पाकळी नाकाला लावा, वास येतो का? जवळजवळ नाही. ठेचली की लगेच डोळ्यात जातो. का, तर पाकळीच्या आत अ‍ॅलिइन नावाचं गंधकाचं संयुग असतं आणि त्याच्यापासून वेगळ्या कप्प्यात अ‍ॅलिनेझ नावाचं एन्झाइम असतं, आणि जोपर्यंत पाकळी शाबूत आहे तोपर्यंत दोघांची गाठ पडत नाही. चिरलं, ठेचलं, चावलं की पेशी फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि काही सेकंदांत अ‍ॅलिसिन तयार होतं, तोच तो झोंबणारा वास. कीड लागली, प्राण्याने चावलं तर झाडाने स्वतःला वाचवायला केलेली ही सोय. अमेरिकेत कॅव्हालिटो आणि बेली या दोघांनी १९४४ साली हे अ‍ॅलिसिन वेगळं काढलं आणि ते जंतूंवर चालतं हे दाखवलं, पुढे चार वर्षांनी स्वित्झर्लंडमध्ये श्टोल आणि झेबेक यांनी त्याच्या आधीचं ते अ‍ॅलिइन शोधलं. आता अडचण अशी की हे अ‍ॅलिसिन टिकत नाही. उष्णता लागली, वेळ गेला की त्याचे तुकडे होऊन दुसरीच संयुगं होतात, डायअलिल डायसल्फाइड, ट्रायसल्फाइड वगैरे, आणि लसूण तेलात भिजत ठेवली तर अजोईन नावाचं आणखी एक. प्रत्येकाचं काम थोडं थोडं वेगळं.

हे कळल्यावर मी बाटली परत हातात घेतली. मागे बारीक अक्षरात लिहिलंय, लसणीचं तेल अमुक इतकं आणि बाकी सगळं साधं खायचं तेल, वर जिलेटिनचं कवच. एक कॅप्सूल सुईने टोचून बशीत पिळली. फिकट पिवळं तेल, वास लसणीचाच पण शिळ्या फोडणीसारखा, जड. बोटाने जिभेला लावलं तर तिखटपणा नाही, झोंबणं नाही, फक्त मागे रेंगाळणारी चव. आणि त्याला कारण आहे, हे तेल बहुतेक करून लसणीचा वाफेवर अर्क काढून करतात, वाफ म्हटली की अ‍ॅलिसिन गेलं. उरतात ती सल्फाइडं. ती निरुपयोगी आहेत असं नाही, शरीरात अ‍ॅलिसिन गेलं तरी त्याचंही पुढे काहीतरी असंच होतं, पण समोर काऊंटरवर जो मोठा बोर्ड लावलाय 'कच्च्या लसणीची ताकद' तो चुकीचा आहे, कच्च्या लसणीतली जी ओळखीची गोष्ट आहे तीच यात नाही.

एक गोष्ट मात्र कंपन्यांच्या बाजूने सांगायला पाहिजे. तेलाचा आकडा मिलिग्रॅममध्ये अगदी छोटा दिसतो म्हणून कोणी फसवलं असं समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या औषधी वनस्पतींच्या पुस्तकात रोजचं प्रमाण ताजी लसूण २ ते ५ ग्रॅम असं आहे, सुकी पावडर ०.४ ते १.२ ग्रॅम आणि तेल फक्त २ ते ५ मिलिग्रॅम. तेल खूप घट्ट अर्क असतो म्हणून तितकंच. फक्त तुमच्या बाटलीत एका कॅप्सूलमागे ते किती आहे हे लेबलवर शोधा, आणि लिहिलेलंच नसेल तर ठेवून द्या परत.

पावडरच्या गोळ्या वेगळ्या, त्या यात मोजू नका. पावडरमध्ये अ‍ॅलिइन आणि एन्झाइम दोन्ही सुकवलेले असतात आणि पोटात पाणी मिळालं की काम सुरू करतात. भीती अशी होती की जठरातलं आम्ल एन्झाइमला मारून टाकतं, म्हणून काही गोळ्यांवर आतड्यात जाऊन विरघळणारा थर देतात. पण लॉसन आणि हन्सेकर यांनी २०१८ मध्ये शरीराला अ‍ॅलिसिन किती मिळतं हे माणसांच्या श्वासातून मोजून पाहिलं तेव्हा उलटच दिसलं, साध्या थराशिवायच्या गोळ्यांनी चांगलं काम केलं, जवळपास कच्च्या ठेचलेल्या लसणीइतकं, आणि थरवाल्या गोळ्या भरपूर प्रोटीनच्या जेवणाबरोबर घेतल्या की कमी पडल्या. त्याच अभ्यासात कच्च्या ठेचलेल्या लसणीच्या मानाने उकडलेल्या लसणीतून १६ टक्के आणि भाजलेल्यातून ३० टक्के इतकंच मिळालं. म्हणजे गोळीच घ्यायची असेल तर तेलापेक्षा पावडरची बघा, हे माझं मत.

आता मुख्य प्रश्न, उपयोग होतो का. कोलेस्टेरॉलसाठी तर मी आशा सोडली. स्टॅनफर्डमध्ये गार्डनर यांच्या टीमने एक नीट ट्रायल केली होती, २००७ मध्ये छापून आली, १९२ माणसं, सगळ्यांचं एलडीएल मध्यम वाढलेलं, चार गट, एकाला कच्ची लसूण, एकाला पावडरच्या गोळ्या, एकाला मुरवलेल्या लसणीचा अर्क आणि एकाला लसूण नसलेल्या नुसत्याच गोळ्या. आठवड्याचे सहा दिवस, सहा महिने. कच्चीवाल्यांना रोज एका पाकळीएवढी, ४ ग्रॅम, सँडविचमध्ये घालून देत होते. सहा महिन्यांनी एलडीएल कोणाचंच हललं नाही. ज्यांचं कोलेस्टेरॉल जास्त आहे त्यांच्यात थोडी घट दाखवणारे एकत्रित अभ्यास पण आहेत, ते मी लपवत नाही, पण एवढी काळजीपूर्वक केलेली ट्रायल कोरी निघाल्यावर मी कोणाला एलडीएलसाठी ही बाटली घ्या असं सांगणार नाही.

बीपीचं चित्र बरं आहे. ऑस्ट्रेलियातल्या करिन रीड आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये जुन्या ट्रायल एकत्र करून मांडल्या, त्यात ज्यांना आधीपासून बीपी आहे त्यांच्यात वरचा आकडा साधारण ८ ने खाली आलेला दिसतो, आणि ज्यांचं नॉर्मल आहे त्यांच्यात काही विशेष नाही. ८ म्हणजे कमी नाही हां. कारण पण सापडलंय थोडंफार, लसणीतली सल्फाइडं लाल रक्तपेशींमध्ये जाऊन हायड्रोजन सल्फाइड वायू किंचित तयार करतात आणि त्याने रक्तवाहिन्या सैलावतात, हे २००७ मध्ये दाखवलं गेलं. पण ट्रायल लहान लहान, बहुतेक पावडर नाहीतर मुरवलेल्या अर्कावर केलेल्या, आमच्या हातातल्या तेलाच्या कॅप्सूलवर नव्हेत. सासूबाईंच्या बीपीत मला तरी फरक दिसला नाही, घरच्या मशीनवर सकाळी मोजत होतो, वरखाली व्हायचं तसंच होत राहिलं.

सर्दीसाठी पण लोक घेतात. त्यावर धड अशी एकच ट्रायल, १४६ माणसं, १२ आठवडे, लसूणवाल्यांना मिळून २४ सर्द्या आणि नुसत्याच गोळ्यावाल्यांना ६५. चांगला आकडा आहे, पण एकच ट्रायल आहे आणि माणसांनी स्वतःच डायरीत लिहिलेलं. कोविडच्या वेळी तर घराघरात लसूण पाणी उकळत होते, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलं होतं की लसूण खाल्ल्याने त्यापासून बचाव होतो असा काही पुरावा नाही.

आता दुकानाबद्दल, ज्यामुळे मी एवढं लिहायला बसले. दुकानाचं नाव, गाव काही देत नाही. काऊंटरवरच्या माणसाने बाटली देताना सासूबाईंना सरळ सांगितलं, ह्या चालू केल्या की बीपीची गोळी हळूहळू कमी करा, नंतर लागणारच नाही. मी तिथेच होते. एका बाईला, वय सत्तरीच्या आसपास, डॉक्टरांनी विचार करून दिलेली गोळी बंद करायला सांगणं, फोनवरून नव्हे, औषधाच्या दुकानात उभं राहून, हे मला अजून पटत नाहीये आणि पटणारही नाही. गोळी अचानक सोडली तर बीपी उसळी मारतं, अटॅक नाहीतर पॅरालिसिस, घरातल्या माणसाने रात्री गाडी काढून बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलला धावायचं, आणि कॅप्सूल विकणारा तोपर्यंत शटर ओढून घरी गेलेला असतो. सासूबाईंनी घरी येऊन विचारलंच, "मग गोळी सोडू का ग?" मी म्हटलं आई, कॅप्सूल सोडा वाटलं तर, गोळी नाही.

आणि त्या मेडिकलवाल्याने दुसरी गोष्ट विचारलीच नाही, घरात रक्त पातळ करायचं औषध कोणी घेतं का. आमच्या सासऱ्यांना स्टेंट घातलाय, दोन गोळ्या चालू आहेत रक्त गोठू नये म्हणून, आणि एकाच घरात बाटली असली की दोघं घेणार हे ठरलेलं. लसणीतली संयुगं, विशेषतः ते अजोईन, प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, एकमेकांना चिकटायला अडवतात. जेवणातल्या फोडणीने काही होत नाही, घाबरू नका, पण रोज अर्क घ्यायचा असेल आणि वॉर्फरिन, अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल असं काही चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. ऑपरेशन ठरलं असेल तर निदान ७ दिवस आधी लसणीच्या गोळ्या बंद करा असं भूल देणारे डॉक्टर सांगतात. दात काढायला जाताना पण सांगा. एचआयव्हीच्या एका औषधावर, सॅक्विनाविर, अमेरिकेत तपासलं तेव्हा लसणीच्या गोळ्यांमुळे रक्तातलं औषध जवळपास निम्म्यावर आलं होतं. मेडिकलवाल्याने एवढा एक प्रश्न विचारायला काय लागतं सांगा, एक मिनिट. कापलेल्या तीन मार्कांतला एक मार्क मी इथेच कापलाय.

शाकाहारी लोकांनी आणखी एक बघा. मऊ कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेलं. आमच्याकडे श्रावणात कांदा-लसूण पण बंद असते, चतुर्थीपर्यंत घरात नावही काढत नाही, आणि त्याच दिवसांत काही जणी "कॅप्सूल आहे ती, चालते" म्हणून घेतात. त्यांना हे माहीतच नसतं. माहीत असून घेतलं तर ज्याचा त्याचा प्रश्न.

बिनवासाच्या म्हणून लिहिलेलं असतं तेही अर्धंच खरं. गिळताना वास नाही, पण दोन तासांनी ढेकर येतो तेव्हा कळतं. तोंडाला जो वास राहतो तो दातातला नाहीच, अलिल मिथाइल सल्फाइड नावाचं संयुग रक्तात जातं आणि फुफ्फुसातून श्वासाबरोबर बाहेर पडतं, म्हणून कितीही ब्रश केला तरी जात नाही. लसूण खाताना बरोबर दूध, कच्चं सफरचंद किंवा पुदिन्याची पानं घेतली तर कमी होतो.

आता बाजार. म्हापशाला शुक्रवारी जी लसूण येते ती बहुतेक घाटावरून आलेली, मोठी पांढरी. पण कोपऱ्यात बसणाऱ्या बायांकडे ती बारीक पाकळ्यांची, गुलाबी-जांभळट सालीची गावठी मिळते. "व्हर गे बाये, गांवठी आसा, तिखट आसा," म्हणत एक पाकळी नखाने फोडून नाकाशीच धरतात. तसंच घ्यायचं, फोडून, वास घेऊन. गड्डी दाबली की घट्ट लागली पाहिजे, साल कोरडी कुरकुरीत, बुडाशी काळी भुकटी नको, कोंब फुटलेला नको. सोलायला कंटाळा येतो हे कबूल, बोटं चिकट होतात, पण तोच चिकटपणा आणि बोटांना होणारी ती चुणचुण, तिथे माल आहे हे समजा. खूप मोठी, पांढरीशुभ्र, अगदी एकसारखी दिसली की लोक चायना चायना म्हणतात, चीनच्या लसणीला बुरशीच्या भीतीने २०१४ पासून आपल्याकडे बंदी आहे, चोरून येते अशा बातम्या येत असतात, मी तरी तसली घेतच नाही. अर्धा मार्क का कापला, तर पावसाळ्यात ही टिकत नाही. मे महिन्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरताना घेतली आणि डब्यात घातली तर जुलैत कोंब नाहीतर बुरशी. माळ करून हवेशीर टांगायची, जुन्या घरांत चुलीच्या धुरात टांगायचे ते उगाच नव्हतं, पण फ्लॅटमध्ये चूल कुठून आणायची. आणि भाव, २०२४ मध्ये किलोला ४०० च्या वर गेली होती, तेव्हा खरंच हात आखडला.

वापरायची कशी हे जास्त महत्त्वाचं. ठेचायची, आणि दहा मिनिटं तशीच ठेवायची. बस. मग फोडणीत घाला. अख्खी पाकळी थेट गरम तेलात टाकली की एन्झाइम मरतं आणि अ‍ॅलिसिन व्हायच्या आधीच सगळं संपतं, आधी ठेचून ठेवली तर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं, थोडं तरी उरतं. मायक्रोवेव्हमध्ये तर एका मिनिटात एन्झाइम खलास होतं.

सोलकढीत हे फार जाणवतं. एन्झाइमला जास्त आंबट चालत नाही आणि आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, किती आंबट असतं ते आपल्याला सांगायला नको. तेव्हा लसूण-मिरची आगळात टाकून मिक्सरला फिरवू नका. आधी खलबत्त्यात ठेचा, वाटीत ठेवा, तोपर्यंत नारळाचा रस काढा, मग रसात ती ठेचलेली लसूण, आणि आगळ सगळ्यात शेवटी. चवीत पण फरक पडतो, झणका वर येतो. शिजवायचं नाही, उकळायचं नाही, कच्ची लसूण पोटात जायला याच्याहून बरा रस्ता मला माहीत नाही. व्हिनेगरमध्ये मसाला वाटतात त्यांनी पण हेच करावं, विंदालूचा असो की रेशादचा, लसूण आधी ठेचून बाजूला, व्हिनेगर मागाहून.

उपाशीपोटी पाकळ्या चावून खाणाऱ्यांनी जपून. अ‍ॅसिडिटी होते, जळजळतं, आणि लसणीत फ्रुक्टान नावाची न पचणारी कर्बोदकं असतात त्याने कित्येकांचं पोट फुगतं. सासूबाईंना कच्ची सोसतच नाही, कढीतली सोसते. आणि लहान मुलांच्या छातीला, पायाला ठेचलेली लसूण बांधून ठेवू नका, कातडी भाजते, खरंच फोड येतात.

अजून एक, आजकाल घरगुती म्हणून लसूण तेलात बुडवून बाटल्या विकतात, पर्यटकांच्या दुकानांत तर सुंदर कापड बांधून ठेवलेल्या असतात. त्या बाहेर ठेवलेल्या असतील तर घेऊ नका. तेलात हवा नसते, आंबटपणा नसतो, अशात बॉट्युलिझमचा, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचा, जंतू वाढतो आणि वास-चव काही बदलत नाही. १९८५ मध्ये कॅनडात व्हँकुव्हरला एका रेस्टॉरंटमधल्या अशाच तेलातल्या लसणीमुळे ३६ जण आजारी पडले होते. घरी केलीत तर फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्याच्या आत संपवा. व्हिनेगर आणि मिठातलं लोणचं असेल तर ती भीती नाही.

मग कॅप्सूल कोणी घ्याव्या? ज्यांना लसणीची चव, वास अजिबात चालत नाही, रक्त पातळ करायचं औषध नाही, आणि बीपीच्या गोळीबरोबर, गोळीच्या जागी नव्हे, काहीतरी जोड हवी आहे त्यांनी, तेही पावडरच्या आणि डॉक्टरांना सांगून. आम्ही दुसरी बाटली आणली नाही. एलडीएलसाठी डॉक्टरांनी जी गोळी लिहून दिली ती सासूबाई आता घेतायत आणि दुपारी जेवणाबरोबर पेलाभर सोलकढी. गावठी लसूण हवी असेल तर शुक्रवारी सकाळी नऊच्या आत बाजारात पोचा, नंतर गेलात तर ती मोठी पांढरीच उरते.